आश्रित

"अंकल, ये रेलवे नहीं है ना!" रायपुरातल्या तेलीबांध्याच्या व्हिसावाल्या ऑफिसातला पराग कागद परत सरकवत म्हणाला. त्याच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण हा पोट्टा उत्तर देईल ते हिंदीतच.

दयाराम मेश्राम खुर्चीवर पुढे सरकला. "अरे बापू, नीट वाच ना. सही हाय, शिक्का हाय. माही पाच वर्षांची नात, साक्षी. बाप वारला तिचा. मायवर आश्रित हाय ते."

"वही तो दिक्कत है. आश्रित है, इसीलिए नहीं होगा. केयर वालों के आश्रित अब बंद."

आता घ्या! रायपूरच्या रेल्वे ऑफिसात दयारामनं बत्तीस वर्षं कर्मचाऱ्यांच्या फुकट प्रवासाचे पास लिहिले. बायको, पोरं, विधवा आई; नावापुढे एकदा 'आश्रित' पडलं की त्या माणसाचा गाडीत बसायचा हक्क झाला. हे सगळं गोऱ्यानं घालून दिलेलं, आणि गोऱ्याच्या कायद्यावर दयारामचा भारी विश्वास. गेल्या वर्षी त्याची लेक सरिता इंग्लंडला म्हाताऱ्यांच्या सेवेच्या नोकरीवर निघाली, तेव्हा तिनं दहादा विचारलं होतं, "बाबा, साक्षीले मागून नेता येईन ना?" नियमांचा इंग्रजी कागद दयारामनं स्वतः हातात घेतला, त्यात 'डिपेंडंट' शब्द पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "लिहेल हाय त्यात. जा तू बिनधास्त." सेवेच्या नोकरीवाल्यांना वगळणारी पुढची ओळ त्यानं वाचलीच नाही. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!

संध्याकाळी बूढापाऱ्यातल्या घरी सरिताचा फोन आला. तिच्या मागे टीव्हीवर कुणी तावातावानं भांडत होतं.

"काय ओरडून राहिले वो ते?"

"रोजचंच हाय. बाहेरचे लोक लई झाले म्हणते. आमची म्हातारी बी तेच म्हणते, माह्या हातून सूप पिता पिता. मंग म्हणते, तू नाही वो, तू तर माही हायेस." सरिता हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "त्याइले आपले हात पाहिजेन बाबा, लेकरं नाही पाहिजेन. कागद दिले का?"

दयारामनं मान वळवली. पलीकडच्या खोलीत साक्षी मम्मीकडे न्यायची खेळणी पिशवीत भरत होती.

"बाबा? दिले का कागद?"

आपणच लेकीचा घात केला, हे त्याला सांगायचं होतं. चुकलो माय, म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते रेल्वे ऑफिसातलंच वाक्य, त्याच सुरात.

"नियमात बसत नाही."

मेल्या जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

सरिता रडली नाही, भांडली नाही. ती नुसता होकार देत म्हणाली, "हव."

बत्तीस वर्षं कितीतरी माणसं त्याच्या टेबलासमोर हेच वाक्य ऐकून, अशीच 'हव' म्हणून उठून गेली होती. दयारामला वाटायचं, त्यांना पटलं.