सातव्या खोक्यातली काळी वही

उत्तर आइसलंडमधल्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्या संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. डॉक्टर होते, बँकेचे व्यवस्थापक होते, कॉलेजचे निम्मे शिक्षक होते. समोर राजधानीतून आलेला, मेलेल्यांशी बोलतो म्हणवणारा रुनोल्वुर डोळे मिटून डुलत होता.

"आलाय... उंच आहे, चष्मा आहे... हातात फुलं! ओड्डुर, हळू बोल रे बाबा. आत्म्यांना भारी घाई!"

मग त्याने आवाज घोगरा केला. "हाल्ला, एक्कावन्नच्या उन्हाळ्यात हिमनदीवरच्या तंबूत मी रोज रात्री बायकोच्या आठवणीने रडलो. तुला कधी सांगितलं नाही."

पहिल्या रांगेतली हाल्ला हुंदके देऊ लागली. तिचा नवरा ओड्डुर, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, दोन वर्षांपूर्वी वारला होता. बत्तीस वर्षं संसार केला. गोड शब्द एक नाही.

"माझे कागद दफ्तरखान्यात गुदमरतायत," आत्मा पुढे म्हणाला. "ते रुनोल्वुरला दे."

चाळीस वर्षांच्या नोंदी, पत्रं, रोपट्यांची चित्रं या भामट्याला! हाल्लाने मान डोलावली. सोमवारी सही करायचं ठरलंसुद्धा.

ते कागद दफ्तरखान्यात मीच लावले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते रडण्याचं वाक्य मी सातव्या खोक्यातल्या काळ्या वहीत वाचलं होतं. निघताना दाराशी कोट परत देणाऱ्या बाईकडे नीट पाहिलं. रुनोल्वुरची बहीण, त्यानेच सुरुवातीला ओळख करून दिली होती. मार्चमध्ये ती तीन दिवस आमच्याकडे वंशावळ शोधत बसली होती. इथे निम्मा देश वंशावळ शोधतो, संशय कोणाला येणार? मी तर तिला कॉफी पाजली होती.

सकाळी दफ्तरखान्यात खोकी मागवणाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. तिच्या सहीची चिठ्ठी मिळाली: खोकं सात. खुशीत वही उघडून त्या रडण्याच्या नोंदीची तारीख पाहिली. त्याच आठवड्यात ओड्डुरने कोपनहेगनहून पत्र लिहिलं होतं, तेही त्याच खोक्यात होतं. मग हिमनदीवर कोण रडलं?

आम्ही प्राध्यापकालाही नुसत्या नावाने हाक मारतो, वहीवरही तेवढंच लिहितो. कॉलेजात भूगोल शिकवणारा आणखी एक ओड्डुर होता. अक्षर ताडून पाहिलं. वही त्याची होती. ती भलत्या खोक्यात मी घातली होती, आणि आत्म्याने माझी चूक जशीच्या तशी गिळली होती.

चिठ्ठी, वही आणि पत्र घेऊन हाल्लाचं घर गाठलं.

"हाल्ला, मेलेल्याला निदान स्वतःची वही ओळखता आली असती."

तिने पत्र वाचलं. "कोपनहेगन. मीच त्याला बोटीवर सोडायला गेले होते. त्या सभागृहात बसल्यावर आठवलंच नाही. आठवायचंच नव्हतं गं."

"सही करू नकोस."

"नाही करत. कागद राहू देत तुझ्याकडे." तिने वही माझ्याकडे सरकवली. "एक रात्र तरी माझ्या नवऱ्याचं माझ्यावर प्रेम होतं, ग्रोआ. तेवढंही तुला बघवलं नाही?"

मी वही उचलून पिशवीत टाकली. रुनोल्वुर पुढच्या गावी गेला. तिथेही गर्दी झाली म्हणे.

लोकहो, आत्मा बोलू लागला की एवढंच विचारा: हे कुठे लिहिलेलं होतं आणि कोणी वाचलं? विचारायची लाज वाटली तर हाल्लाकडे बघा. नवरा जन्मभर गप्प राहिला, ठगाने परक्याचं रडणं त्याच्या नावावर खपवलं, आणि तेही तिच्या हातून मला काढून घ्यावं लागलं.