माझ्या तळाशी नाव आहे

मी स्लो कुकर बोलतोय, मंद आचेवर दिवसभर शिजवणारा. नारिंगी रंगाचा, विजेवर चालणारा, पोटात चिनी मातीचं जड भांडं असलेला. माझा सूर चिडका वाटला तर वाटू द्या. गेल्या हिवाळ्यात जे पाहिलं त्याची किळस अजून गेलेली नाही, आणि ती काही घासून जाणारी नाही.

कारखान्यातल्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. माझी मालकीण जिनिव्हा; तिच्या लग्नाआधी मैत्रिणींनी तिला आहेर केला, त्यात मी होतो. त्याला पन्नास वर्षं होत आली. अमेरिकेतल्या मिशिगनच्या थंडीत ती सकाळीच माझ्यात सुक्या वाटाण्याचं सूप शिजत ठेवायची आणि दिवसभर घरभर वास दरवळायचा. संध्याकाळी तिचा नवरा हार्लन चोरून चमचा बुडवायचा आणि जीभ भाजून घ्यायचा. झाकणाची मूठ फुटली तेव्हा त्यानेच दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ स्क्रूने बसवून दिलं. हार्लन गेला, पण ते रीळ अजून घट्ट आहे.

आमच्या चर्चच्या तळघरात जेवण असलं की प्रत्येक बाई आपला कुकर भरून आणते. एकासारखे एक वीस कुकर रांगेत बसतात. म्हणून प्रत्येकीने तळाला चिकटपट्टी लावून वर नाव लिहायचं. भांडं मागे राहिलं तर ज्याला सापडेल त्याने ते उलटं करायचं, नाव वाचायचं आणि घरपोच द्यायचं. माझ्या तळाशी जिनिव्हाच्या हातचं ‘जिनिव्हा टर्प्स्ट्रा’ आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही हरवलो नाही.

ऑक्टोबरात जिनिव्हा पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला शुश्रूषा केंद्रात ठेवलं. घराची किल्ली मुलाकडे, कर्टिसकडे आली. “मार्चमध्ये घरी येते,” असं तिने त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने मात्र मनातल्या मनात घर कधीच विकून टाकलं होतं.

वर्षाच्या शेवटच्या शनिवारी तो आणि त्याची बायको डॉन खोकी घेऊन आले. आईचा संसार ते धर्मादाय दुकानाला देणार होते. वर्ष संपायच्या आत दिलं तरच त्या वर्षाच्या करातून सूट मिळते, म्हणून ही घाई. सूट तरी कुणाच्या नावावर? कर्टिसच्या.

“उशा, चार,” यादी करणाऱ्या, फोटो काढणाऱ्या कर्टिसला डॉन म्हणाली. “लिही, उत्तम स्थितीत.”

त्या उशांवर पिवळे डाग होते. तिने त्या दोन बोटांनी उचलल्या आणि नाक मुरडून पिशवीत टाकल्या. तरी उत्तम!

“बाबांचे बूट?”

“टाच गेलीय एकाची,” कर्टिस म्हणाला.

“फोटो पुढून काढ ना! टाच कोण बघतंय?”

मग माझी पाळी आली. कर्टिसने माझं झाकण असं फिरवलं की रीळ फोटोत येऊ नये. “याचे चाळीस डॉलर लिहू?”

“पंचेचाळीस लिही. पण सगळं मिळून पाचशेच्या आत ठेव हं. वर गेलं की आणखी एक फॉर्म भरत बसावं लागतं.”

अप्रामाणिकपणाही किती बेताबेताने करावा माणसाने! एवढ्यात फोन वाजला. कर्टिसचे हात माझ्यात अडकलेले होते, म्हणून त्याने तो ओट्यावर ठेवूनच आवाज मोठा केला. फोनवर जिनिव्हा होती.

“कर्टिस, घर बरं आहे ना रे? नळ गोठले नाहीत ना?”

“काही काळजी करू नकोस, आई. सगळं जागच्या जागी आहे.”

असं म्हणत त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं. मला तेव्हा खरोखर ओकारी आली असती, पण पोट रिकामं होतं.

दुकानाच्या मागच्या दारी गाड्यांची रांग लागली होती. तिथल्या रोझालिंड नावाच्या बाईने ‘चार खोकी, तीन पिशव्या’ एवढंच लिहून पावती दिली. किमतीची जागा तिथे कोरीच सोडतात; ती ज्याची त्याने भरायची. कर्टिसने पावती घडी करून खिशात घातली आणि दानशूराच्या थाटात हात हलवला.

“या सणासुदीला लोक आपल्याला उकिरडा समजतात,” रोझालिंड करवादली आणि उत्तम स्थितीतल्या चारही उशा तिने कचऱ्याच्या डब्यात फेकल्या. मागोमाग बूटही गेले. माझ्या शेजारच्या पिशवीत कुणाची तरी न धुतलेली अंतर्वस्त्रं निघाली. यादीत तीही उत्तमच असणार, यावर मी पैज लावतो. रोझालिंडने मात्र मला गरम पाण्याने धुतलं, तार लावून तपासलं आणि झाकणावर चार डॉलरची चिठ्ठी चिकटवली. त्या साऱ्या प्रकारात माझी खरी किंमत फक्त तिनेच केली.

फेब्रुवारीत आर्लीन दुकानात आली. जिनिव्हाची चर्चमधली जुनी मैत्रीण. आमच्या गावच्या बाईने कुकर हातात घेतला की तो उलटा करायचाच, तशी सवयच असते. तिने नाव वाचलं.

“अगं बाई! हा इथे कसा?” ती स्वतःशीच म्हणाली. चुकून आला असणार, अशी त्या भाबडीची समजूत. चार डॉलर देऊन तिने मला घरी नेलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये जेवण होतं आणि जिनिव्हा कितीतरी महिन्यांनी येणार होती. आर्लीनने माझ्यात सूप भरलं आणि मला थेट तिच्यासमोर आणून ठेवलं. जिनिव्हा चाकाच्या खुर्चीत होती. मागे कर्टिस आणि डॉन उभे होते.

“घे गं, तुझं भांडं! दुकानात सापडलं बघ मला.”

जिनिव्हाने आधी रिळावर हात ठेवला. “हा तर माझ्या ओट्याखाली असतो. दुकानात कसा गेला?”

कर्टिस लालबुंद झाला. “आई, अगं, मोडकाच होता तो. दोन पैशांचाही नव्हता.”

दोन पैशांचाही नव्हता! दोन महिन्यांपूर्वी मी पंचेचाळीस डॉलरचा उत्तम कुकर होतो. माणूस एकाच तोंडाने दोन्ही बोलू शकतो, याची मला शिसारी आली.

“मग बाकीचं घर? माझ्या उशा?” जिनिव्हाने विचारलं. “हार्लनचे बूट?”

डॉन हातातल्या कागदी रुमालाच्या घड्या घालत राहिली.

“मार्चमध्ये मी कुठल्या घरी यायचं होतं रे, कर्टिस?”

कर्टिस आपला कोट शोधायला लागला. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

मार्चमध्ये ती घरी आली. आर्लीनने गाडीतून आणलं. पलंग-कपाटंही कर्टिसने मागाहून विकली होती; घरात आवाज घुमत होता. उसना पलंग, दोन खुर्च्या आणि मी. ते रिकामं घर बघून जिनिव्हा खूप रडली. मग तोंड धुऊन तिने माझ्यात वाटाण्याचं सूप शिजत लावलं आणि आर्लीनकडे चिकटपट्टीचं रीळ मागितलं.

माझी ही हकिगत ऐकून तुम्हीही काही दान करणार असाल तर जरूर करा. रोझालिंडसारख्या बायांना चांगल्या वस्तू हव्याच असतात. पण डागाळलेली उशी देऊन पुण्य आणि सूट दोन्ही पदरात पाडू नका. आणि देण्याआधी वस्तू एकदा उलटी करून बघा, तळाला कुणाचं नाव आहे ते.

काल कर्टिस आला. किल्ली त्याच्या हातात तयार होती, पण दारासमोर तो अडला. दाराच्या चौकटीवर, कुलपाच्या अगदी वर, तिने चिकटपट्टी लावली आहे. त्यावर लिहिलंय, ‘जिनिव्हा टर्प्स्ट्रा’.

किल्ली खिशात घालून त्याने बेल वाजवली. आत सूप शिजत होतं. जिनिव्हाने दार उघडायला बराच वेळ घेतला.