डाव्या कानातलं सोनं, उजव्या जबड्यावर

मी एक्स-रेचं यंत्र बोलतोय. अख्खा जबडा एकाच फोटोत दाखवणारा, माणसाच्या डोक्याभोवती चौदा सेकंदांत फेरा मारणारा. लोक माझ्यापुढे येतात ते दुखतंय म्हणून. दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्याकडून रडण्याची अपेक्षा नको.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला. लाकडी खोक्यातून पोर्ट सईदला उतरलो, चार वर्षं अलेक्झांड्रियात काढली. तिथल्या डॉक्टरांना नवा हवासा झाला, तेव्हा महल्ला नावाच्या या सूतगिरण्यांच्या गावात आलो. इथे माझा सांभाळ शुक्रीकडे आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चहात चार चमचे साखर घालणारा माणूस.

बटण दाबायला काय, कोणीही दाबेल. खरं काम माणूस नीट उभा करण्याचं, आणि त्यात शुक्रीचा हात धरणारा कोणी नाही. "मान ताठ. खांदे सोड. एक पाऊल पुढे ये, पडत नाहीस, दांडे धर. पुढच्या दातांनी ही काडी चाव. हनुवटी टेकव. ओठ मिट. जीभ टाळूला लाव, खजूर चिकटलाय समज. आता हलू नकोस." हनुवटी वर गेली की फोटोत दातांची रांग रडवेली दिसते, खाली गेली की उगीच हसरी. माणूस दोन्ही वेळा तोच असतो.

बायकांना मात्र शुक्री हात लावत नाही. तो लांबून सांगतो, सोबतची बाई डोकं सरळ करते. परकी बाई आत असेपर्यंत दारही उघडं ठेवतो. फोटोपुरते सगळे बाहेर जातात, तेव्हाच ते लागतं. गावच्या बायका याच भरवशावर इथे येतात.

हजला जाऊन आलेली हाज्जा सनियाही तशीच आली, लेक नग्लाला घेऊन. उजवीकडचा खालचा ओठ रमझानपासून बधिर होता. चहा ओघळला तरी कळत नसे.

"हाज्जा, कानात, गळ्यात काही आहे का? सोनंबिनं?" शुक्रीने विचारलं.

दार उघडं, बाहेर बाकांवर दहाबारा जण. इतक्या नजरांपुढे इथली कोणती बाई आपलं सोनं कबूल करेल?

"कसलं सोनं, पोरा. हिच्या लग्नात सगळं गेलं."

नग्ला फरशीकडे बघत राहिली. हाज्जाच्या रुमालाखाली लग्नातली जड कर्णफुलं होती, तीस वर्षं न काढलेली.

आता माझी एक खोड सांगतो. डाव्या कानातलं सोनं मी उजव्या जबड्यावरही उमटवतो, जरा वर, मोठं आणि पुसट. पडद्यावर तो पांढुरका डाग आला आणि शुक्रीने तो लगेच ओळखला. फोटो पुन्हा काढायला हवा होता. पण म्हणजे हाज्जाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. त्याची जीभ उचलली नाही.

"तो डाग कानातल्याचा आहे," एवढंच त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर रऊफांकडे गर्दी होती. डागाखाली काय आहे हे कोणी पाहिलं नाही. एक किडकी दाढ काढली आणि हाज्जा घरी गेली.

सात महिन्यांनी ती परत आली. गाल सुजलेला, आणि कर्णफुलं या वेळी नग्लाच्या पिशवीत. मान सरळ राहीना, नग्लाला ती धरता येईना. शेवटी शुक्रीच पुढे झाला आणि दोन बोटांनी त्याने हनुवटी उजवीकडून सरळ केली.

"नग्ला, नीट धर की ग," हाज्जा म्हणाली. तिला बोटं कळलीच नव्हती.

फोटो स्वच्छ आला. उजव्या जबड्यात, कानाकडच्या टोकाला, गाठीने हाड खाऊन केलेली काळी पोकळी. शुक्रीने जुना फोटो शेजारी लावला. डागाच्या कडेने तीच पोकळी डोकावत होती, वाटाण्याएवढी. गप्प बसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. तो उठला आणि दोघींना सगळं सांगून टाकलं.

"तू विचारलं होतंस. मीच नाही म्हटलं," हाज्जा म्हणाली.

"मला डाग दिसला होता, हाज्जा. मी तुम्हाला थांबवलं नाही."

"थांबवलं असतंस तर मी चिडले असते."

"चिडू द्यायला हवं होतं." असं म्हणून शुक्री रडला. मी पाहिलं. मला काही वाटलं नाही.

हाज्जाला कैरोला नेलं. उजवा जबडा काढावा लागला. हल्ली इथे आतल्या बाजूला एक पडदा लावलाय. बायका तिथे जाऊन, कोणी न विचारता, काही न बोलता सगळं सोनं उतरवतात आणि सोबतच्या बाईच्या ओंजळीत देतात. तेवढा पडदा तुमच्या गावच्या दवाखान्यातही मागून घ्या. मी जुना झालोय, कधीही भंगारात जाईन. जे झाकलं असेल त्याच्याखालचं मला दिसत नाही.

गेल्या आठवड्यात हाज्जा तपासणीच्या फोटोसाठी आली. बारीक झालेली, रुमाल गालावर ओढलेला. शुक्रीने सगळं सांगितलं, मान ताठ, खांदे सोडा, एक पाऊल पुढे. मग तो थांबला. टेकवायला हनुवटी जागेवर नव्हती. ती उजवीकडे सरकली होती. त्याने टॉवेलाची घडी केली, हनुवटी टेकवायच्या माझ्या आधारावर डाव्या, रिकाम्या राहणाऱ्या बाजूला ठेवली आणि म्हणाला, "जशी टेकेल तशी टेकवा, हाज्जा."