मागल्या दाराची वाट

उघड्या रानात इरम्मा एकदम थांबली. चपला काढून तिने हातात घेतल्या, खाली वाकली, वाकूनच दोन पावलं पुढे गेली आणि मग पुन्हा ताठ झाली.

"डोकं सांभाळ," मागे न बघता ती म्हणाली. "चौकट ठेंगणी हाय."

चौकट नव्हती. वेड्या बाभळी होत्या, मातीत अर्धे बुडालेले जोत्याचे काळे दगड होते आणि वर मोकळं आभाळ. तरीही शिवांजलीने मान खाली घातली.

तिच्या हातातला फोन चाललेली वाट नोंदवत होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव सडकेपलीकडे नव्याने वसलं. इथल्या जुन्या गावठाणात शाबूत उरली ती फक्त बारव. जिल्ह्यातली जुनी ठिकाणं पर्यटकांना फोनवर दाखवणाऱ्या ॲपमध्ये ती बारव आता येणार होती. सडकेपासून बारवेपर्यंतची वाट गावातल्याच कुणाला सोबत घेऊन चालायची आणि ती रेषा ॲपमध्ये टाकायची, अशी शिवांजलीच्या कामाची पद्धत. नव्या वसाहतीत इरम्मा लगेच तयार झाली होती. "मागल्या दारानं लौकर पोचतो," एवढंच ती म्हणाली होती. दार कुणाचं, हे शिवांजलीने विचारलं नव्हतं.

इरम्मा आता डाव्या अंगाने, जपून चालत होती. एक तळहात खांद्याच्या उंचीवर हवेत टेकलेला. शिवांजलीची नजर फोनवर होती. ती समोरच्या मोकळ्या जागेतून सरळ निघाली.

"अगं ए! थांब!"

शिवांजलीचा पाय जागीच थबकला. "साप आहे?"

"साप कशाचा? फीर माघारी. तोंड वळवू नगंस, जशी गेलीस तशीच ये."

शिवांजली उलट्या पावलांनी मागे आली. खाली वाळलेलं गवत होतं, इतर ठिकाणी होतं तसंच.

"झोपल्याल्या लेकराला ओलांडू न्हाय. वाढ खुंटती," नव्या सुनेला दटावावं तशी इरम्मा म्हणाली. "चुकून ओलांडलं तर उलटं ओलांडून यावं. आईनं शिकवलं न्हाय व्हय?"

"शिकवलंय." शिवांजलीने फोन खाली घेतला. "कोण आहेत, आक्का?"

"थोरली महेश्वरी, धाकला शिवपुत्र. गणपती बुडवून आलते, लई दमलते. पहाटं म्या बाहेर निघाले तवा मिट्ट काळोख. भिताडाला हात लावत कडंनंच गेले बघ. दोघंबी हलली न्हाईत."

तिचा हात अजून हवेत तसाच होता.

"लोकं येतील का लई?"

"येतील. उद्या पहिली बस येणार आहे."

"आन् चालतील कुठनं?"

शिवांजलीने फोन तिच्यापुढे धरला. "या हिरव्या रेषेवरून. रेषा सोडली की फोन थरथरतो."

इरम्माने डोळे बारीक करून बघितलं. रेषा त्या जागेवरून पुढे गेली होती आणि मागे आली होती. "मग त्याला सांग की. कडंनं चला म्हणावं."

तेवढ्यात फोन वाजला. धाराशिवच्या कार्यालयातून महांतेश सर होते, मूळचे इकडच्याच मुरुमचे. शिवांजलीने स्पीकर लावला.

"मॅडम, चक्कर आली का काय तुम्हाला? रेषा पुढं जातीय, माघारी येतीय. सरळ करून टाकतो मी. आजच काम पुरं करायचंय."

रेषेतल्या अशा उड्या फोनची चूक म्हणून पुसायच्या असतात. शिवांजलीने स्वतः कितीतरी पुसल्या होत्या.

"सरळ नको, सर. डावीकडून वळसा घ्या."

"का? खड्डा हाय?"

"नाही."

"झाड? भिंत? कारण टाकल्याबिगर ते ॲप वळसा घेत न्हाय, तुम्हाला म्हायतीय की."

जे आहे तेच लिहायचं, ही शिवांजलीची महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेपासूनची सवय. तिने पुन्हा एकदा जमिनीकडे बघितलं. वारा पडला होता. सगळीकडचं गवत स्थिर होतं.

"इथं दोन मुलं झोपलीत," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली, एक दार लागलं.

"जुन्या गावठाणात?" महांतेश सरांनी विचारलं.

"हो."

"घरात?"

"हो, सर."

"ओलांडलं का कुणी?"

"मी. उलटी आले परत."

"मग ते मागं-पुढं त्याचंच हाय तर." त्यांनी श्वास सोडला. "बरं. भिंत म्हणून टाकतो. कडंनं घेतो. पण उशाकडनं न्यायला नको लोकांना. पाय कुणीकडं हायत त्यांचे?"

सरांचा आवाज मोकळ्या रानात खणखणीत आला. इरम्मा झटकन वळली. ओठांवर बोट ठेवून तिने आधी फोनकडे बघितलं, मग खाली.

"बारीक कर की गं," ती जेमतेम ऐकू येईल असं बोलली, आणि हनुवटीने मावळतीची बाजू दाखवली.

शिवांजलीने स्पीकर बंद केला. फोन ओठांजवळ नेला आणि त्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा धरला.

"मावळतीकडं, सर," ती कुजबुजली.