डेझीटॉपची झाकणं

शेजारच्या ऑल्गा ब्रेक्केनं कोटाच्या आतून मेलेली कोंबडी काढली आणि अर्डिसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मायक्रोफोनला लागूनच ठेवली. कोंबडीची मान ओल्या दोरीसारखी लोंबत होती.

कार्यक्रम नुकताच संपला होता. रोज सकाळी अर्डिस टॉलेफसन याच टेबलापाशी बसून चार राज्यांतल्या शेतकरणींशी रेडिओवर बोलायची. लोकरीचे मोजे आटू नयेत म्हणून काय करावं, चुलीचा गंज कशानं निघतो, कुठल्या साबणानं हात सोलत नाहीत. आयोवात बर्फानं रस्ते बुजले, की घरात कोंडलेल्या बाईला दुसऱ्या बाईचा तेवढाच आवाज.

"खुराड्यातल्या निम्म्या गेल्या," ऑल्गा म्हणाली. "आदी माना टाकल्या, मग गेल्याच. बरणीतल्या शेंगा फेसाळल्यागत वाटल्या, म्हून आमी न्हाई खाल्ल्या, कोंबड्यांस्नी टाकल्या. झाकण तुझंच व्हतं."

"माझं कसं गं?"

"तू सांगितलंस म्हून घेतलं. म्हंजी तुझंच."

अर्डिसनं कोंबडी जुन्या कापडात गुंडाळली. उन्हाळ्याअखेर शेंगा, मका, टोमॅटो बरण्यांत भरून वर डेझीटॉपची झाकणं बसवा, असं तिनं गळा बसेस्तोवर सांगितलं होतं. थंडी पडली तशी तिच्याच तळघरातली काही झाकणं फुगली. कडेचं रबर वाळक्या सालीसारखं कडक झालं होतं. तिनं त्या बरण्या गुपचूप मागच्या खड्ड्यात ओतल्या आणि कार्यक्रमाचे पैसे देणाऱ्या डेझीटॉप कंपनीच्या प्रुइटसाहेबांच्या कानावर घातलं. साहेब हसून म्हणाले होते, की बायका बरणीचं तोंड नीट पुसत नाहीत.

ऑल्गा गेल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नेल्स खिडकीशी बसला होता, रिकामी बाही टाचणीनं खांद्याशी अडकवून. कणसं तोडायच्या यंत्रात हात गेला त्या वर्षापासून जमीन दुसऱ्याला कसायला दिलेली, आणि घर चालायचं ते या मायक्रोफोनवर. कंपनीचा कागद शब्द न् शब्द वाचायचा, मालाविषयी वावगं बोलायचं नाही, असं करारात लिहिलेलं.

"सांगून टाक की," नेल्स म्हणाला.

"आन् मग?"

तो बाहेर बर्फाकडे बघत राहिला.

अर्डिसला रात्रंदिवस त्या कोंबडीची मान दिसू लागली. बिघडलेल्या बरणीतल्या विषाला वास नसतो, कधीकधी चवही बदलत नाही. कुठल्या तरी घरात पातेलं चुलीवर चढायच्या आधीच कुणी चमचाभर चाखून बघितलं, तर? तिनं वाट काढायची ठरवली.

पुढच्या सोमवारी प्रुइटसाहेब स्वतः येऊन बसले. गुळगुळीत दाढी, गुडघ्यावर टोपी. महिन्यातून एकदा ते असे यायचे आणि त्यांचा हात बोलणं मध्येच तोडायच्या बटणाजवळ असायचा. अर्डिसनं त्यांचा कागद वाचला, आणि तो संपल्यावर आपल्या मनाचं बोलली. "बायांनो, आज तळघरात जावा आन् एकेका झाकणावर चमचा वाजवा. खणखणीत वाजलं तर झाकण घट्ट धरलंय. बद्द वाजलं तर बरणीतलं ओतून, खोल पुरून टाका. कोंबड्या-डुकरांस्नी सुदीक घालू नका. आन् चांगल्या बरणीतलंबी खळाखळा उकळल्याबिगर जिभंवर ठिवू नका."

साहेबांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. तिच्या मनाच्या बोलण्यात डेझीटॉपचं नाव आलंच नव्हतं.

त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी झोपली.

पण पुढं झालं ते भलतंच. बायकांनी चमचे वाजवले, बद्द वाजलेल्या बरण्यांतलं सगळं पुरलं, आणि रिकाम्या बरण्यांसाठी पुन्हा झाकणं आणली. डेझीटॉपचीच. डुकरं कापायचे दिवस, मांस बरण्यांत भरायचं होतं. दुकानांतून झाकणं मिळेनाशी झाली. प्रुइटसाहेब नवीन करार घेऊन आले, सोबत भेट म्हणून पांढरीशुभ्र विजेची शेगडी.

"तुमची ती चमच्याची युक्ती," ते म्हणाले, "आम्हाला सुचली नव्हती. आता ती रोज सांगा. तुमच्या शब्दाबाहेर एक बाई नाही, मिसेस टॉलेफसन."

नेल्सनं डाव्या हातानं कागद तिच्यापुढं सरकवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तिनं सही केली.

दुपारी ती ऑल्गाकडे अंडी द्यायला गेली, तर ओट्यावर मांसाच्या भरलेल्या बरण्यांची ओळ आणि प्रत्येकीवर नवंकोरं डेझीटॉप.

"अगं, ही परत कशी आणलीस?" अर्डिसनं अंडी खाली ठेवत विचारलं.

"तू बरणी टाका म्हन्लीस. झाकण घिऊ नका असं कुठं म्हन्लीस?" ऑल्गा म्हणाली. "तू झाकणाला नाव ठिवलं न्हाईस, तवा मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं आसंल. पुसायचं ऱ्हायलं आसंल."

अर्डिस घरी आली. कोट न काढताच तिनं भिंतीवरच्या टेलिफोनची मूठ धरली आणि फिरवत राहिली. एकच लांब घंटा. त्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांची तार एकच होती, आणि अशी घंटा वाजायची ती आग लागली तर, नाहीतर कुणी गेलं तर. एकेक फोन उचलल्याचा खट्ट आवाज येत गेला. पलीकडे माणसांचे श्वास ऐकू येऊ लागले.

"मी अर्डिस बोलती. आग न्हाई लागली. ती डेझीटॉपची झाकणं धरत न्हाईत. माझीबी धरली न्हाईत. पुसण्यात तुमची काय बी चूक न्हाई. भरलेलं टाका, आन् ती झाकणं परत आणू नका."

मग म्हाताऱ्या मिसेस स्काउगनं विचारलं, "उद्या रेडिओवर सांगशील ह्ये?"

नेल्स खिडकीशी ताठ बसला होता.

"न्हाई," अर्डिस म्हणाली.

कुणी तिला बोल लावला नाही. एकामागून एक फोन खाली ठेवले गेले. शेवटचा कुणाचा होता, तिला कळलं नाही.

सकाळी मायक्रोफोनवरचा तांबडा दिवा लागला. तिनं कागद समोर धरला आणि वाचलं, "डेझीटॉप, खात्रीचं झाकण." आवाज जराही हलला नाही. रस्त्यावरच्या ओळखीच्या घरांतून कुणी ते मनावर घेणार नव्हतं. पण टेलिफोनचे खांब ओढ्यापाशीच संपत होते. त्यापलीकडे चार राज्यांत बायका हात पुसून पेन्सिल शोधत होत्या, नाव नीट लिहून घ्यायला.