आरपार टाके

"गादीत किडे? माझ्या गादीत?" आजोबांचा आवाज एवढा चढला, की बाहेर बाकावर ताटकळत बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. असली माणसं त्यांना रोज भेटत असणार. "आजोबा, गादी कोणाचीही असो. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव असतात. आपल्या अंगाचा कोंडा झडतो ना, तो खाऊन जगतात. त्यांच्या घाणीची हिला ॲलर्जी आहे. म्हणून सकाळी शिंका आणि रात्री छातीत घरघर."

"म्हणजे आमचंच खायचं आणि आमच्याच नातीवर उलटायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात म्हणायची ही!"

सुनेनं हळूच त्यांचा कोपर दाबला. स्टुलावर बसलेली चिंगी मात्र खूश होती. आजोबा डॉक्टरांना रागावताहेत, यापरती मौज कुठली? ती हसली, हसता हसता खोकली, आणि मग तो खोकला काही केल्या थांबेना. आजोबांची सगळी गुर्मी तिथल्या तिथे उतरली. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बोला बाई. काय काय करायचं ते सांगा. मी करतो."

आता त्यांचा राग तरी उगाच कसा म्हणावा? आख्खी हयात स्वतःच्या दुकानात कापूस पिंजण्यात आणि गाद्या भरण्यात गेलेला माणूस. आसपासची कितीतरी पोरं त्यांनी भरलेल्या दुपट्यांवर लोळून मोठी झाली, लग्नं होऊन त्यांच्याच गाद्या घेऊन गेली. मुलगा मालवाहू बोटीवर, वर्षाकाठी एकदा घरी येणारा. सून टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामावर. तेव्हा चिंगी आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढली. आईचं दूध सुटलं त्या दिवसापासून ती झोपायची आजोबांजवळ. त्यांच्या पाठीला नाक लावून, सदऱ्याचं टोक मुठीत धरून. मुठीतलं टोक सोडवायला गेलं की जागी व्हायची. म्हणून सकाळी आजोबा सदरा काढून ठेवून उठायचे. पोरीचा श्वास मोकळा व्हावा आणि तिनं आपल्याजवळच झोपावं, एवढंच त्यांना हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं ते.

दुसऱ्याच दिवशी घरात लढाई सुरू झाली. पडदे उतरले. सतरंजी गेली. केरसुणीला बंदी आली आणि ओल्या फडक्याचं राज्य सुरू झालं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात. आजोबा स्वतः बादलीशी उकिडवे बसायचे. सून म्हणायची, "बाबा, मशीन आहे घरात." तर म्हणे, "मशीनला राग येतो का? मला येतो. रागानं धुतलेलं जास्त स्वच्छ निघतं."

चिंगीचा कापडी हत्ती आजोबांनी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. घरात कोणाला काही बोलले नाहीत. सून बर्फ काढायला गेली आणि किंचाळली.

"अहो बाबा, सांगायचं तरी!"

"किडे थंडीनं मरतात. उद्या काढून धुतला की झालं."

"हत्ती मेला तर?" चिंगीनं विचारलं.

"हत्ती कातडीचा जाड असतो गं. आपल्या नळदुरुस्तीवाल्यासारखा. कितीही बोला, काही होत नाही त्याला."

मुख्य काम होतं गादीच्या खोळीचं. घट्ट विणीचं कापड, चारी बाजूंनी बंद, एका कडेला चेन. किडे आतल्या आत कोंडून राहतील, बाहेर यायला फट नाही, असा सगळा हिशेब. आजोबांनी दुकानात ते कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, उजेडासमोर धरलं, तोंड लावून फुंकर मारून पाहिली, आणि कधी नव्हे ते दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हणाले. घरी आणून खोळ चढवली. पण ती बसली ढगळ. चिंगीनं एक कोलांटी मारली की कापड गोळा व्हायचं. आजोबांना ते बघवेना. असली गादी गिऱ्हाइकाला दिली असती तर त्यानं तोंडावर फेकून मारली असती. चिंगी शाळेत गेल्यावर त्यांनी आपल्या दुकानातून दाभण आणि मेणाचा दोरा आणला, आणि नेहमीच्या सफाईनं गादीला टाके मारले. वरून खाली, खालून वर, एका ओळीत. गादी अशी ताठ बसली, की सुनेनं कौतुकानं मोबाइलवर फोटो काढला आणि बोटीवर नवऱ्याला पाठवला.

आणि तरीही चिंगी सकाळी शिंकत उठायची ती उठायचीच. छातीतली घरघर कमी होईना.

सून रडकुंडीला आली. "बाबा, डॉक्टर म्हणाल्यात, आता फरक पडला नाही तर औषध वाढवावं लागेल."

"वाढवायचं नाही. अजून मी जिवंत आहे." आजोबा म्हणाले आणि पलंगाखालची आधीच लख्ख असलेली फरशी पुन्हा पुसायला बसले. पण त्या दिवशी त्यांचं मन कशातच लागेना. एवढं करूनही हे हरामखोर येतात तरी कुठून?

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एकेक गोष्ट विचारली. चादरी? कढत पाण्यात. पडदे? काढले. खोळ?

"लावली म्हणजे काय! दाखव गं फोटो. एक सुरकुती सापडली तर नाव बदलीन."

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. "हे ठिपके कसले, आजोबा?"

"टाके."

"आरपार?"

"मग? टाक्यांशिवाय गादी म्हणजे नुसतं बोचकं..." आणि आजोबा तोंड उघडं ठेवून थांबले. दाभणाचं भोक केवढं असतं हे त्या खोलीत आजोबांइतकं कोणाला ठाऊक होतं? किड्यांना कोंडायचं म्हणून आणलेल्या खोळीला त्यांनी आपल्या हातानं ओळीनं दारं पाडून दिली होती. वर ती सुबक दिसावीत म्हणून काळजीसुद्धा घेतली होती.

"अक्कल गहाण टाकली मी," ते म्हणाले. "पोर घुसमटत होती आणि मी गादीचं रूप बघत होतो."

"बाबा, असं नका ना बोलू," सून म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टरांनी मग आणखी एक विचारलं, "तिच्याजवळ कोण झोपतं?"

"मी."

"आणि दुकानात जुन्या गाद्या फोडून पुन्हा पिंजता?"

"पोट त्याच्यावर आहे."

"संध्याकाळी आल्या आल्या अंघोळ करा, कपडे बदला. बघू मग." त्या एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नवीन खोळ आली. आजोबांनी ती चढवली, चेन लावली, आणि दाभणाकडे पाहिलंसुद्धा नाही. गादी ढगळ दिसली तर दिसू दे. दुकानातून आले की मागच्या नळावर डोक्यापासून पायापर्यंत साबण लावायचे, दुकानाचे कपडे बाहेरच टांगायचे. चिंगीची घरघर निम्म्यावर आली. सून सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "चला, जिंकलो." पण आजोबांना निम्मी नको होती. पोरीच्या छातीत उरलेली घरघर त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू आली असती.

एका संध्याकाळी अंघोळ करून आरशासमोर उभे असताना त्यांनी कानात बोट घातलं. बोटाला कापसाचा बारीक तंतू आला. भुवईत एक. मिशीत एक. कोणाकोणाच्या घरातल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या गाद्यांची धूळ ती. साबण तरी कुठे कुठे पोहोचणार? मग ते बाहेर येऊन सुनेला म्हणाले, "आजपासून मी पुढच्या खोलीत झोपणार."

"काही गरज नाहीये हो बाबा. उतरलंय ना आता बरंच?"

"बरंच म्हणजे सगळं नाही. मला सगळं पाहिजे."

चिंगीनं थयथयाट केला. "तू मला टाकलंस! मी तुझ्याशी कट्टी!"

"अगं, मी घोरतो. तुझी आईच तक्रार करते."

"मला आवडतं घोरलेलं!"

पण आजोबा बधले नाहीत. दुकानातून एक रुंद गादी आणली होती, गिऱ्हाइकानं न्यायची राहिलेली; ती पुढच्या खोलीत अंथरली आणि मधलं दार लोटून घेतलं. पोर पहाटे उठून शोधत येईल, तर काय सांगून परत पाठवायचं, याची जुळवाजुळव करतच ते आडवे झाले.

चिंगी आली ती उजाडल्यावर. दार ढकलून, केस विस्कटलेले, एक मोजा पायात आणि एक हातात. आजोबा कान देऊन ऐकत होते. शिंक नाही. घरघर नाही. श्वास असा चालला होता की चालल्याचं कळतही नव्हतं.

"आजोबा, मी एकदापण उठले नाही!" ती ओरडली. "रात्रभर! मला तुझी आठवणच नाही आली!"

मागे उभी असलेली सून गडबडली. "अगं, असं बोलतात का?"

"का नाही बोलायचं?" आजोबा मोठ्यानं हसले. "शाब्बास गं माझ्या वाघिणी! अशीच झोपत जा. जा, दुसरा मोजा घाल, शाळेला उशीर होईल."

दोघी आत गेल्या. आजोबा गादी आवरायला वाकले, आणि थबकले. एवढ्या रुंद गादीवर ते रात्रभर कडेलाच झोपले होते. एक बाजू चुरगळली होती. दुसऱ्या बाजूला चादरीवर सुरकुतीही पडली नव्हती. त्यांनी तिथे एकदा तळहात फिरवला, गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि दुकान उघडायला निघाले.