शुक्रवारचं शटर

अनंतरावांनी मटणाचा रस्सा भाकरीच्या तुकड्याने टिपला, मान डोलावली आणि दही मागवलं.

भोजनालय चालवणाऱ्या आणि स्वतः वाढणाऱ्या मोझेल नागावकरांनी हातातली टोपली टेबलावर ठेवली आणि दही मिळणार नाही म्हणून सांगितलं. संपलं का, असं अनंतरावांनी विचारलं. संपलं नव्हतं, ते त्या स्वयंपाकघरात येतच नव्हतं. मोझेलताई ज्यू, कोकणातल्या बेने इस्राएल घराण्यातल्या. वडील रेल्वेत गार्ड होते म्हणून जन्म रायपूरचा. मटणाबरोबर दूधदुभतं नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम, आणि बाहेरच्या पाटीवर ‘कोशर भोजनालय’ लिहिलं होतं ते अशा नियमांच्या जेवणासाठीच. रस्सासुद्धा नारळाच्या दुधातला होता. तो अनंतरावांनी दोनदा मागून घेतला होता, पण नियम काही त्यांच्या कानात शिरला नव्हता.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, त्यांची साहेबी मात्र अजून नोकरीत होती. शिवाय तेलीबांधा तलावाकाठचा, मोझेलताईंना भाड्याने दिलेला हा गाळा त्यांचाच. म्हणजे कागदावर पद्मिनीबाईंचा, पुष्कळ अधिकारी घेतात तसा बायकोच्या नावाने घेतलेला. पण सही कुठे करायची, यापलीकडे पद्मिनीबाईंना त्यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. अनंतरावांनी मुलाला, स्वानंदला, समोरच्या डेअरीवर पिटाळलं. तो मुकाट्याने मातीच्या कुल्हडातून दही घेऊन आला.

मोझेलताईंनी ते कुल्हड त्याच्या हातातून अलगद घेतलं, वर बशी झाकली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. घरी जाताना न्या, म्हणाल्या.

“बाई, पैसे मी देऊन राहिलो. जेवण माह्यं आहे.”

“जेवण तुमचंच आहे, भाऊसाहेब. टेबल आमचं आहे.”

पद्मिनीबाईंचा घास हातातच राहिला. नवऱ्याशी असं कोणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आता काय होतंय म्हणून त्या मोझेलताईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिथे राग नव्हता, भीतीही नव्हती. बाई भाकऱ्यांची टोपली उचलून शेजारच्या टेबलाकडे गेल्यासुद्धा.

अनंतरावांना दह्यावर अडून चालणार नव्हतं, कारण त्यांचं मुख्य काम पुढे होतं. राज्य नवीन, रायपूर राजधानी झालेलं, भोपाळहून आलेले साहेबलोक अजून शहर हुडकत होते. त्यातल्या एका सचिवांना येत्या शुक्रवारी संध्याकाळी इथे जेवायला घालायचं होतं. राजधानीच्या कुठल्याशा सल्लागार समितीवर अनंतरावांना आपलं नाव लावून घ्यायचं होतं, आणि साहेबांना काहीतरी न खाल्लेलं खायचं होतं. जेवण आटोपल्यावर त्यांनी मोझेलताईंना बोलावून तसं फर्मावलं.

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत चूल पेटत नाही, मोझेलताई म्हणाल्या. तो त्यांच्या शब्बाथचा, विसाव्याचा वेळ. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. खुद्द पाटलाचा निरोप आला तरी घाणा फिरत नसे.

“शनवार तेली, म्हणून तेलीबांध्यात आल्या का?” अनंतराव हसले. मग हसणं आवरून त्यांनी सांगितलं, की गाळ्याला गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. शुक्रवारी उघडायचं नसेल तर बाकीच्या दिवशीही उघडायची तसदी घेऊ नये.

“मग नाही उघडणार,” मोझेलताई म्हणाल्या. “शुक्रवारी तर नाहीच.”

अनंतरावांचे कान लाल झाले. ते खुर्ची सरकवून उठले आणि स्वानंदकडे बघून म्हणाले, “ठीक आहे, साहेबांले घरीच आणतो. पद्मिनी करंल.”

हे म्हणताना त्यांनी बायकोकडे मान वळवलीसुद्धा नाही. वळवायची गरज कधी पडलीच नव्हती. गेल्या कित्येक वर्षांत किती साहेब आले, गेले, बढती घेऊन गेले, आणि प्रत्येकाच्या पानात पद्मिनीबाईंनी पुऱ्या वाढल्या. त्यांची आई गेल्याची तार आली त्या दिवशीही चीफ इंजिनियर जेवायला होते. तार अनंतरावांनी खिशात घातली आणि पानसुपारी झाल्यावर बाहेर काढली. आई गेली होती आणि पद्मिनीबाई गरम गरम पुऱ्या आग्रह करून वाढत होत्या. ते त्या विसरल्या नव्हत्या आणि त्यांनी ते माफही केलं नव्हतं. फक्त बोलून दाखवलं नव्हतं.

निघताना त्या पायरीवरचं कुल्हड उचलायला वाकल्या. मोझेलताई दारात उभ्या होत्या.

“वहिनी, शुक्रवारी दुकान बंद असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मागे घर आहे, ते उघडं असतं.”

शुक्रवारी सकाळी चहा देताना पद्मिनीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की आज मी काही करणार नाही. अनंतराव पेपरमध्ये होते. हो हो, म्हणाले, आणि भरली वांगीही कर, साहेब मूळचे नागपूरकडचे आहेत. पद्मिनीबाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. अनंतरावांनी पान उलटलं.

तेव्हा दुपारी पद्मिनीबाईंनी शेगडी लख्ख पुसली, गॅसचं बटण बंद केलं, पातेली धुऊन ओट्यावर पालथी घातली. सून राधिका बघतच राहिली. तिला त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी मोझेलताईंकडे जेवायला जातेय. बाबांनी विचारलं तर हेच सांग, काही लपवू नको. ठेवणीतली हिरवी साडी नेसून त्या रिक्षात बसल्या. रिक्षा परत फिरवावी असं एकदा मनात आलंही, पण पालथी घातलेली पातेली आठवली आणि त्यांनी रिक्षा पुढेच जाऊ दिली.

उपाहारगृहाचं शटर खाली ओढलेलं होतं. मागच्या दाराने मोझेलताईंनी त्यांना आत घेतलं आणि पुढे दुकानातल्याच एका टेबलाशी नेऊन बसवलं. सूर्य मावळायच्या आधी त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या आणि डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटल्या. मग काळ्या मनुकांचं सरबत दिलं, पांढऱ्या फडक्याखालचा पाव मोडून दिला. मटण आधीच शिजवून झाकून ठेवलेलं होतं. पद्मिनीबाईंनी सवयीने वाढायला पळी उचलली, तर मोझेलताईंनी ती काढून घेतली. जेवण झाल्यावर त्या ताट घेऊन मोरीकडे निघाल्या, तर तेही काढून घेतलं.

“भांडी उद्या संध्याकाळी घासायची. बसा तुम्ही.”

पद्मिनीबाई बसल्या. रिकामे हात मांडीवर कसे ठेवायचे ते त्यांना समजेना. मोझेलताईंनी पुढ्यात चिकाचा हलवा ठेवला, गव्हाच्या चिकात नारळाचं दूध आटवून केलेला. पहिली वडी तोंडात घातली आणि पद्मिनीबाईंचे डोळे भरून आले. आईची आठवण आली, आणि या वेळी उठून कोणाला काही वाढायचं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. शटरवर थापा पडल्या.

“बाई, उघडा. साहेब गाडीत बसून आहेत.” अनंतरावांचा आवाज. घरी पालथी पातेली पाहून, राधिकाकडून ऐकून ते तडक इकडे आले होते. “पद्मिनी आहे ना आत? तिले म्हणा, साहेबांसाठी गरम करून वाढ काही. लवकर उघडा. जागा माह्यी आहे.”

मोझेलताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पद्मिनीबाईंकडे पाहिलं.

पद्मिनीबाई उठल्या. पदर सारखा करून त्या शटरपाशी गेल्या. पत्र्यापलीकडे अनंतरावांचा श्वास ऐकू येत होता.

“जागा माह्यी आहे,” त्या म्हणाल्या. “अन् आज बंद आहे.”

बाहेर गाडीचं दार लागलं आणि मोटार तलावाच्या बाजूने निघून गेली.

पद्मिनीबाई परत टेबलाशी येऊन बसल्या. त्यांनी बशी पुढे सरकवली.

“अजून एक वडी द्या, मोझेलताई.”